हेडस्टॉकवर काळा रंग मारलेली लाल गिटार नेमकी कुठली?

स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार कुठली आहे हे बघायचं असेल तर हेडस्टॉकवरचं (तारा पिळायच्या खुंट्या असतात ते टोक) नाव सगळ्यात शेवटी वाचा, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. नाव खरवडता येतं, त्यावर रंग मारता येतो, दुसरं नाव चिकटवता येतं. पण आतलं लाकूड, स्क्रूचे आटे, पिकअपच्या (तारांची थरथर विजेत उतरवणारा भाग) बुडाला चिकटवलेलं चुंबक, नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) बुंध्यावर मारलेला शिक्का या गोष्टी बदलायला कुणी बसत नाही, कारण त्याला गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. म्हणजे खरं काय ते आत असतंय, बाहेर नाही.

आमच्या बेळगावात सेकंडहँड गिटारी बऱ्याच येतात त्या गोव्याकडून. तिकडं चर्च, लग्नाचे बँड, हॉटेलातले बँड यामुळं वाजवणारे पुष्कळ, मग एकानं नवीन घेतली की जुनी चोर्ल्याच्या घाटातून नाहीतर रेल्वेनं लोंढ्यावरून इकडं. मग शहापूर, वडगाव, टिळकवाडी, खानापूर, निपाणी असं कुठं कुठं फिरत राहते. चार हातांतून गेलेल्या गिटारीचा बॉक्स नाही, बिल नाही, आणि प्रत्येक हातानं तिची गोष्ट थोडी थोडी मोठी केलेली असते. पहिल्याकडं ती "इम्पोर्टेड" असते, दुसऱ्याकडं "फेंडर" (अमेरिकेतली नावाजलेली गिटार कंपनी), आणि तिसऱ्याकडं जाईपर्यंत "अमेरिकन फेंडर, जुना पीस".

खानापूरच्या माझ्या भाच्यानं अशीच एक लाल गिटार घेतली. स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या आकाराची, तीन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप, पांढरा पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची प्लेट), आणि हेडस्टॉक पुढून ब्रशनं काळा मारलेला. "मामा, फेंडर हाय म्हणून सांगितलंय त्यानं, नाव पुसलंय तेवढंच." सुट्टीत काम करून साठवलेले पैसे घातलेत पोरानं, त्यामुळं मला ते सोडून देता आलं नाही. म्हटलं ठेव इथं, रविवारी उघडून बघूया.

उघडायच्या आधी बाहेरूनच पुष्कळ कळतं. पहिली गोष्ट आकार. स्ट्रॅटोकास्टर फेंडरनं १९५४ मध्ये आणली आणि तेव्हापासून जगात तिच्या इतक्या नकला झाल्या की बॉडीचा आकार आता कुणाचाच राहिला नाही. हे मी असंच म्हणत नाही, फेंडरनं अमेरिकेत स्ट्रॅट आणि आपल्याच टेली आणि प्रिसिजन बेस या गिटारींच्या बॉडीचे आकार ट्रेडमार्क करायला अर्ज केला होता आणि २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क बोर्डानं तो नाकारला, हे आकार सगळेच वापरतात, एका कंपनीची ओळख म्हणून उरले नाहीत म्हणून. पण हेडस्टॉकचा आकार मात्र फेंडरच्या मालकीचा. म्हणून तर स्वस्तातल्या बहुतेक नकली स्ट्रॅटचा हेडस्टॉक बघा, कुठं टोक जास्त बाहेर काढलेलं, कुठं खालची गोलाई कापलेली, कुठं भलताच वाकडा. तो डिझायनरचा हौसेचा भाग नाही, कायद्यातून वाचायची वाट आहे ती.

भाच्याच्या गिटारीचं नाव काळ्या रंगाखाली गेलं होतं पण आकार कुठं जाणार. कागद ठेवून पेन्सिलीनं कडा काढली आणि माझ्याकडच्या स्क्वायरवर (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) ठेवली, तंतोतंत बसली. म्हणजे एकतर ही फेंडरच्या घरातली, नाहीतर सरळ बनावट. तिसरी शक्यता उरते ती नेक बदलल्याची, ती पुढं नेक काढल्यावर कळते.

इथं स्क्वायरबद्दल सांगायला पाहिजे कारण नवशिक्यांच्या हातात येणाऱ्या गिटारींत हे नाव फार, आणि लोकांना वाटतं ती कुठलीतरी डुप्लिकेट कंपनी आहे. तसं नाही. व्ही. सी. स्क्वायर ही अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावची तारा बनवणारी जुनी कंपनी, फेंडरनं ती १९६५ मध्ये विकत घेतली आणि नाव बरीच वर्षं तसंच पडून होतं. मग जपानी कंपन्यांनी इतक्या चांगल्या आणि स्वस्त नकला काढायला सुरुवात केली की फेंडरनं ठरवलं, आपणच जपानात करून घेऊया. १९८२ मध्ये फुजिगेनच्या कारखान्यात स्क्वायर सुरू झाली. त्या पहिल्या वर्षांतल्या, सिरीयल नंबर जेव्हीनं सुरू होणाऱ्या गिटारी आज लोक शोधत फिरतात, आणि त्या खरंच तशा आहेत. पुढं जपानात मजुरी वाढली, काम कोरियात गेलं, मग चीन आणि इंडोनेशियात. गिटारीवरचं नाव तेच राहिलं आणि देश बदलत गेला, म्हणून नुसतं "स्क्वायर आहे" म्हटल्यानं काहीच कळत नाही, कुठली आणि कधीची हे विचारावं लागतं.

मधे एक काळ असा होता की हे काम भारतातसुद्धा झालं! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्क्वायर टू नावाच्या काही गिटारी आणि सन मस्टँग नावाची एक, या भारतात बनून बाहेर गेल्या. बॉडी प्लायवूडची, नवशिक्यांसाठीच, मोठ्या वाद्यांत त्यांची गणना कुणी करणार नाही. पण त्या काळात आपल्याकडं बाहेरची गिटार मिळणं किती अवघड होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना यातलं काय ते कळेल, इथल्या पोरांच्या हातात कलकत्त्याची गिवसन नाहीतर हॉबनर, आणि इथंच बनलेली फेंडरच्या घरची गिटार मात्र जहाजातून परदेशी चाललेली. मला हे वाचलं तेव्हापासून अशी एखादी बघायची फार इच्छा आहे.

असो. गिटार उलटी केली. स्क्वायरचा सिरीयल नंबर अलीकडच्या काळात हेडस्टॉकच्या मागं छापलेला असतो, सोबत "क्राफ्टेड इन" आणि देश. काळा रंग मारणाऱ्यानं मागं रंग लावला नव्हता पण पॉलिश पेपर फिरवला होता, वरवर बघून काहीच दिसत नव्हतं. अशा वेळी मोबाईलचा टॉर्च समोरून मारायचा नाही, कडेनं, अगदी लाकडाला लागून मारायचा. खोलीतला दिवा बंद. छापील अक्षर गेलं तरी त्याच्या जागी चकाकी थोडी वेगळी राहते. हळूहळू फिरवत गेलो तर दिसलं: आयसीएस, मग १, आणि पुढं काहीच नाही.

आयसीएस म्हणजे इंडोनेशिया, कॉर्ट (गिटारी करून देणारी कोरियन कंपनी), स्क्वायर. पहिलं अक्षर देशाचं, दुसरं कारखान्याचं, तिसरं ब्रँडचं, आणि त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. आता आमच्याकडं दोनातला एकच आकडा शिल्लक, म्हणजे २०१० ते २०१९ मधलं कुठलंही वर्ष. पण "अमेरिकन, जुना पीस" तिथंच संपलं. भाच्याचं तोंड उतरलं. त्याला म्हटलं थांब, तुझी गिटार वाईट आहे असं कुणी म्हटलं? आपण अजून ती कोण आहे एवढंच बघतोय.

आणि सिरीयलवर तरी एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही. बनावट करणारे आकडेसुद्धा छापतात. वेगळ्या कंपन्यांची पद्धत वेगळी हेही लक्षात ठेवायला लागतं: मेक्सिकोतल्या नव्वदच्या दशकातल्या फेंडरवर एमएन आणि पुढं वर्षाचा एक आकडा, एपिफोनच्या हल्लीच्या नंबरात पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन कारखाना. यामाहा पॅसिफिकाचं त्या मानानं सोपं, मॉडेलचा नंबर हेडस्टॉकवरच असतो, ०१२ की ११२ ते वाचलं की झालं. निपाणीहून एकानं आयबानेझ जिओ दाखवायला आणली होती, तिचा मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर शाबूत होता, चहा गार व्हायच्या आत काम संपलं. स्टिकर काढू नका रे बाबांनो, दिसायला बरं वाटत नाही म्हणून काढतात आणि पुढच्या माणसाला काहीच उरत नाही.

पुढचं काम मात्र माझ्या एकट्याचं नव्हतं. उद्यमबागेत माझा मित्र लेथवर आहे, त्याला गिटारीतलं ग म्हणता येत नाही पण माप त्याच्यासारखं कुणाला घेता येत नाही. तो व्हर्नियर आणि अ‍ॅलन कीचा डबा घेऊनच आला. ब्रिजच्या सॅडलमध्ये (बॉडीवर तारा जिथं टेकतात ते बारके तुकडे) ज्या बारक्या चाव्या बसतात ना, त्यात अमेरिकन फेंडरला ०.०५० इंचाची लागते आणि आशियात बनलेल्या गिटारींना सहसा १.५ मिमीची. त्यानं इंचाची घातली, गरगर फिरली. दीडची घातली, घट्ट. "इंची नव्हे बे हे, एमेमातलं हाय सगळं. बाहेरच्या प्लेटचे स्क्रू बी बघ." ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) पण मिलिमीटरच्या सेटमधलीच चावी बसली. यावरून देश कळत नाही हां, जपान, कोरिया, चीन, इंडोनेशिया सगळीकडं मिलिमीटरच. पण अमेरिका नाही एवढं पक्कं होतं, आणि सिरीयलशी मेळ बसतो.

बॉडीची जाडी त्यानंच मोजली. नेहमीची स्ट्रॅट पावणेदोन इंच म्हणजे ४५ मिमीच्या आसपास असते, स्वस्त मालिकांमध्ये ती कमी असते, लाकूड वाचतं आणि वजनही. ही ४५ ला पोचत नव्हती. नटपासून (हेडस्टॉकजवळची तारांची खाचेची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजून दुप्पट केलं की स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कळते, ते ६४८ मिमी आलं, म्हणजे साडेपंचवीस इंच, फेंडरचंच माप. फ्रेट २१. पुष्कळ नकली स्ट्रॅट २२ फ्रेटच्या असतात, पॅसिफिकापण २२ ची, त्यामुळं मोजायला अर्धा मिनिट लागतो आणि उपयोग फार होतो.

मग तारा पूर्ण सैल करून नेक काढला. चार स्क्रू असतात, बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, नाहीतर डोकं खराब होतं आणि ती खूण कायमची राहते. आमच्याकडं पावसाळ्यात, खानापूरच्या बाजूला तर जास्तच, दमट हवेनं नेक फुगतात आणि खाचेत अडकून बसतात, तेव्हा ओढायचं नाही, बॉडी मांडीवर धरून नेक हळू मागंपुढं हलवायचा. निघाला. बुंध्यावर निळा रबरी शिक्का, महिना पुसट झालेला पण १५ स्पष्ट. त्या १ च्या पुढं काय असेल ते आता कळलं. आणि खाचेतला लाल रंग नेकच्या बुंध्यावर अगदी तेवढ्याच आकारात लागलेला, स्क्रूची भोकंही एकच एक, दुसरी बुजवलेली भोकं कुठं नाहीत. म्हणजे नेक बॉडीबरोबरचाच, मागाहून जोडलेला नाही.

हा क्षण मला फार आवडतो, खरं सांगतो. ज्या माणसानं तो शिक्का मारला त्याला तो कुणी बघेल असं वाटलंही नसेल, कारखान्याच्या हिशोबासाठी मारला त्यानं.

पिकगार्ड उचलला तर आत छोटे १६ मिमीचे पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचे भाग). अमेरिकन गिटारींत मोठे २४ मिमीचे असतात आणि त्यांच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडे असतात, १३७ म्हणजे सीटीएस कंपनी आणि पुढं वर्ष नि आठवडा, त्यावरून जुन्या गिटारीचं वय काढतात. इथं तसलं काही नाही. पिकअप उलटा केला, बुडाला एक आडवी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली. महागड्या स्ट्रॅटमध्ये वरून दिसणाऱ्या सहा कांड्याच अल्निको (एक धातूमिश्रण) चुंबकाच्या असतात आणि खाली पट्टी नसते. सिरॅमिकचा आवाज जरा कडक, तीक्ष्ण, डिस्टॉर्शनवर बरा वाटतो, क्लीन वाजवताना थोडा कोरडा. तो दोष आहे असं मी मानत नाही, कमी पैशात करायचं तर असंच करावं लागतं आणि त्यांनी ते नीट केलंय, वायरिंगचे सोल्डर स्वच्छ होते. पोकळीत रंग न लागलेल्या जागी लाकडाचे थर दिसतात का तेही बघितलं, प्लायवूड असेल तर पट्ट्या पट्ट्या दिसतात. इथं नाहीत, सलग लाकूड.

आता देश झाला, कारखाना झाला, वर्ष झालं. मॉडेल राहिलं. त्या वर्षांत स्क्वायरच्या स्वस्त स्ट्रॅट मुख्यतः दोन, बुलेट आणि तिच्यावरची अ‍ॅफिनिटी. क्लासिक वाइब वगैरे वरच्या मालिका आहेत पण त्यांत असे पिकअप आणि पॉट नसतात. बुलेट आणि अ‍ॅफिनिटी ओळखायला त्या काळापुरती सोपी खूण म्हणजे हेडस्टॉकचा आकार, अ‍ॅफिनिटीचा मोठा, सत्तरच्या दशकातल्या फेंडरसारखा, आणि बुलेटचा लहान. आमची पेन्सिलीची कडा ज्या स्क्वायरवर बसली ती लहान हेडस्टॉकचीच. तेव्हा बुलेट स्ट्रॅट, ट्रेमोलोवाली (दांड्यानं तारा सैल करून सूर हलवता येणारा ब्रिज असलेली), इंडोनेशिया, २०१५. रंग मारून जे नाव लपवलं होतं ते हेच, "बुलेट". फेंडरनं हे नाव १९८१ मध्ये पहिल्यांदा दिलं तेव्हासुद्धा ती शिकाऊ लोकांसाठीचीच गिटार होती, फक्त तेव्हा अमेरिकेत बनत होती.

भाच्यानं विचारलं, "मग कंपनी कॉर्ट म्हणायची की फेंडर?" चांगला प्रश्न आहे आणि माझ्या मते दोन्ही नावं घ्यायला पाहिजेत. डिझाइन आणि नाव फेंडरचं, हात कॉर्टच्या कारखान्यातले. कॉर्ट म्हणजे कॉर-टेक ही कोरियन कंपनी, तिचा इंडोनेशियातला मोठा कारखाना सुराबायाला, तिथं दुसऱ्याही नामवंत ब्रँडच्या गिटारी होतात, पीआरएस या अमेरिकन ब्रँडच्या एसई मालिकेतल्या सुद्धा. या स्थलांतराची दुसरी बाजू पण आहे. कंपनीनं २००७ मध्ये कोरियातले कारखाने बंद केले, कामगार रस्त्यावर आले, आणि त्यांचं आंदोलन बारा वर्षं चाललं, २०१९ मध्ये समझोता झाला. त्या कामगारांतल्या काहींनी स्वतःचा बँड काढून वाजवलं सुद्धा. गिटारी करणाऱ्यांना गिटार वाजवायला हातात घ्यावी लागली ती अशी. उद्यमबागेतल्या माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग शिक्का परत एकदा बघायला मागितला.

मिरज इथून फार लांब नाही. तिथं तंबोरा घ्यायला गेलात तर करणारा समोर बसलेला असतो, कुणाच्या घराण्याचा, भोपळा कुठला, सगळं विचारता येतं, २०२४ मध्ये तर तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. कारखान्यातल्या गिटारीच्या नशिबात ते नसतं. म्हणून तर तो नंबर, तो स्टिकर, तो शिक्का जपायला पाहिजे, करणाऱ्याचा तेवढाच पत्ता गिटारीवर असतोय. रंग मारून, भलतं नाव चिकटवून विकणारा गिऱ्हाइकाला फसवतोच, पण ज्यांनी ती केली त्यांचंही नाव पुसतो. मला याचा खरोखर राग येतो. बुलेट म्हणून विकली असती तरी ती गेली असती की, चांगली गिटार आहे.

आणि आहेच ती चांगली. नेक सरळ, ट्रस रॉड दोन्हीकडं फिरतोय, फ्रेट अजून भरपूर शिल्लक. कोरड्या महिन्यांत फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं हाताला लागतात तेवढी घासून घेतली. नऊच्या (बारीक जाडीच्या) तारा घातल्या, सॅडल खाली घेतले, इंटोनेशन लावलं, म्हणजे नेकवर वर-खाली सगळीकडं सूर बरोबर येईल. ट्रेमोलोचा ब्लॉक पातळ आहे, पुढं पैसे झाले की तो जाड स्टीलचा घालता येईल, पण घेताना तारांमधलं अंतर मोजून घ्यायचं कारण आशियातल्या बऱ्याच ब्रिजचं अंतर अमेरिकनपेक्षा कमी असतं आणि ऑनलाईन मागवलेला पार्ट बसत नाही. मॉडेल माहीत असण्याचा हा सगळ्यात रोकडा फायदा. पिकअप आत्ताच बदलू नको असं त्याला सांगितलंय, आधी वर्षभर वाजव.

विकणाऱ्याला त्यानं फोन करून सगळं सांगितलं, टॉर्चखालचा फोटो पाठवला, बुंध्याच्या शिक्क्याचा पाठवला. थोडी कुरकुर करून त्यानं काही पैसे परत केले. हेडस्टॉकवरचा काळा रंग आता काढायचा की ठेवायचा यावर भाचा आणि त्याचे मित्र भांडालेत, मी म्हटलं पुढून काहीही करा, मागं टॉर्चमध्ये जे दिसतंय त्याला हात लावू नका.

आणि बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या बाजूला कुणाच्या माळ्यावर भारतात बनलेली स्क्वायर टू किंवा सन मस्टँग पडली असेल तर मला जरूर दाखवा, मोडकी असली तरी चालेल. नेक काढून बुंध्यावर काय लिहिलंय ते दोघं मिळून बघू.